रायाप्पाचा डाव

"म्हणजे प्रभूच्या दिवशी पाळकानं कॅरम खेळायचा?" जयवंतानं विचारलं.

चर्चच्या शांतवन पाळकांनी मान वर केली नाही. बोर्डावर पावडर भुरभुरवली. समोर रायाप्पा बसला होता. त्याची बोटं रोगानं झडलेली. उरलेल्या पेरानं तो स्ट्रायकर मारत होता.

जयवंत पाळकांच्या हाताखाली सेवेचं काम शिकत होता. दर रविवारी दुपारी या कुष्ठाश्रमात यायचं आणि खाटेखाटेपाशी बायबल वाचायचं, हा त्याचा नेम. वर्षभरात एकही रविवार त्यानं रिकामा जाऊ दिला नव्हता, आणि हे तो कुणाला विसरूही देत नसे.

एकट्या रायाप्पापुढे त्याची मात्रा चालेना. तीन महिने झाले, पुस्तक उघडलं की म्हातारा भिंतीकडे तोंड करायचा. अवाक्षर नाही. हे काम आपल्याला झेपणारं नाही, ही भीती आता जयवंताला पोखरत होती.

"विसावा प्रभूनंच दिलाय ना रे?" पाळक म्हणाले.

"प्रार्थनेसाठी. वेळ दवडायला नव्हे."

"हं... बस माझ्या जागी. मला झोप येतेय."

आणि खरंच, ते व्हरांड्यातल्या बाकावर आडवे झाले.

जयवंत नाइलाजानं बसला. पहिल्याच फटक्याला स्ट्रायकर उडाला तो थेट पाळकांच्या वहाणेत.

रायाप्पा बघत राहिला... आणि फिस्सकन हसला.

"आरं, आसं न्हवं. मनगट सैल सोड की!"

जयवंत थक्क झाला. त्यानं मनगट सैल सोडलं. सोंगटी गेली नाही, पण भोकाच्या कडेपर्यंत पोचली.

डाव रंगला. खेळता खेळता रायाप्पानं आपल्या गावाचं नाव सांगितलं. मग मुलीचं.

"तुज्याच वयाची आसंल. बारा वरसं बगितली न्हाई तिला..."

एरवी जयवंताकडे प्रत्येक दुःखासाठी एक वचन तयार असे. आज तो सोंगट्या पुन्हा मांडू लागला.

"म्होरल्या ऐतवारी येनार न्हवं?" रायाप्पानं विचारलं.

जयवंत उठला आणि धावतच बाकापाशी गेला.

"पाळकसाहेब, रायाप्पा बोलले! आता पुस्तक आणू? उपासना सुरू करू?"

पाळकांनी एक डोळा उघडला.

"चालू उपासनेतून असं मध्येच उठून येतात का रे?"