धुराड्याचे जोड

“पेटवू की नको, एवढंच सांगा!”

श्रीपाद हुपरीकरनं हे तिसऱ्यांदा विचारलं. आवाज आता पार देवघरापर्यंत जात होता.

रेवणबुवा मात्र नव्या शेगडीपुढं उभे राहून मान वर करून बघत होते.

शेगडी लोखंडी होती, कमरेएवढी उंच. तिच्या पाठीतून पत्र्याच्या नळ्यांचं धुराडं निघून छपरातून बाहेर गेलं होतं. बुवा परगावी गेले होते, तेवढ्या आठ दिवसांत श्रीपादनं एकट्यानं खपून ती मठाच्या आजारखोलीत बसवली होती. बुवा आज सकाळी परतले आणि काडी ओढणाऱ्या श्रीपादचा हात त्यांनी धरला.

डोंगरमाथ्यावरचा हा बुवांचा मठ. आजारखोलीत अंथरुणाला खिळलेली सात म्हातारी माणसं. गेल्या पौषात नऊ होती. दोघं गारठ्यानं गेली.

श्रीपाद तेव्हा नुकताच मठात आला होता. नळपाणी योजनांवर बावीस वर्षं काढलेला माणूस. ज्ञान मिळेल म्हणून डोंगर चढून आला आणि बघतो तर काय, मठात जप आहे, ध्यान आहे, फक्त ऊब नाही! त्याचं डोकंच फिरलं. फिरण्यासारखंच होतं ते.

“दोन माणसं गेली, बुवा. तुम्ही त्यांच्या नावानं नामसप्ताह केलात. मी शेगडी केली. आता तीही पेटवू देत नाही?”

“दोगं गेली ती माज्या हयगयीनं गेली,” बुवा म्हणाले. “खरं हाय.”

“मग?”

“जोड बगतूय.”

“जोडांत काय बघायचंय? बावीस वर्षं नळ्याच जोडल्यात मी! चाळीस गावं माझ्या नळाचं पाणी पितात. एक जोड कधी गळला नाही.”

“कसं जोडलंस?”

श्रीपादच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काल कामाला लागलेल्या उमेदवाराला विचारावं, तसं हे विचारणं!

“प्रवाह जिकडं जातो, तिकडच्या नळीच्या तोंडात मागच्या नळीचं टोक घालायचं. पाण्याला तोच नियम, धुराला तोच. धूर खालून वर जातो. म्हणून खालच्या नळीचं टोक वरच्या नळीच्या आत. झालं समाधान?”

“समजलं...”

बुवांनी खांद्यावरचं पांढरं उपरणं काढलं आणि शेगडीच्या मागं, धुराड्याखाली जमिनीवर पसरलं.

“घागर भरून घे. छपरावर जा. धुराड्यात वरनं वत.”

“पाणी? शेगडीत?”

“व्हय.”

“माणसं थंडीनं काकडतायत आणि तुम्ही विस्तवाच्या जागी पाणी घालायला सांगता? हे काय चाललंय, बुवा? थट्टा आहे का?”

बुवांनी कोपऱ्यातली घागर उचलून त्याच्या हातात दिली.

श्रीपाद तणतणत शिडी चढला. अख्खी घागर धुराड्यात उपडी केली. एवढ्यावर भागलं नाही म्हणून दुसरीही मागवून ओतली. मग खाली आला, ते पुढं काय बोलायचं याची जुळवाजुळव करतच.

शेगडीच्या पोटात ओंजळभरसुद्धा पाणी नव्हतं.

धुराड्याच्या प्रत्येक जोडातून पाणी बाहेर आलं होतं. परवा जोडांतून धूर निसटतो का ते बघायला त्यानं तासभर ओली लाकडं जाळली होती, त्या धुराच्या काजळीनं ते चहासारखं तांबडं झालं होतं. नळीवरून ओघळत ते उपरण्यावर पडत होतं. छताजवळच्या जोडातलं तर थेट फळ्यांच्या भिंतीवर उतरलं होतं. शेगडी भिंतीपासून जेमतेम वीतभरच लांब होती. जागा वाचावी म्हणून.

श्रीपादनं ते पाहिलं. पण हार मानील तर तो श्रीपाद कसला!

“अहो, धुराड्यात पाणी कोण ओतायला बसलंय? धूर वर जातो, बुवा. वर!”

“आनि वर गेल्यावर गारठला की?”



बुवा स्वयंपाकघरात गेले. तिथल्या जुन्या धुराड्याच्या आतून त्यांनी एक काळी, चकचकीत खपली खरवडून आणली. चिमट्यात धरली आणि दिव्याच्या ज्योतीवर नेली.

खपली तडतडली, फुगली आणि भसकन पेटली. तिचा एक जळता थेंब फरशीवर पडला, तो तिथंही जळत राहिला.

“धुराचंच डांबर हाय,” बुवा म्हणाले. “वर गारठतं आन् खाली उतरतं.”

श्रीपादची नजर आपोआप त्या ओल्या फळ्यांकडं गेली. फळ्यांना लागून गंगूआजीची खाट होती. दोघांनी धरल्याशिवाय आजीला कूससुद्धा बदलता येत नव्हती.

आजीनं वाकळीतून डोकं बाहेर काढलं.

“पेटली का रं, बाळा?”

आठ दिवस तो या म्हातारीला रोज सांगत होता, आजी, आता थोडंच राहिलंय.

“आज नाही, आजी...” कसंबसं तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचा असा संताप आला की त्यानं हातातली घागर अंगणात भिरकावून दिली.

त्याच दुपारी सातही खाटा स्वयंपाकघरात चुलीजवळ हलवल्या. एका बाजूला श्रीपाद, दुसऱ्या बाजूला ऐंशी वर्षांचे बुवा.

मग तीन दिवस आजारखोलीत ठोकाठोक चालली. श्रीपादनं सगळ्या नळ्या उतरवल्या आणि फिरवून बसवल्या, प्रत्येक वरच्या नळीचं टोक खालच्या नळीच्या आत. शेगडी भिंतीपासून दोन हात पुढं ओढली. छताच्या फळ्या धुराड्याभोवती हातभर कापून तिथं पत्रा मारला. धुराड्याचं तोंड आढ्याच्याही वर नेलं. हवा खेळती राहावी, एका खिडकीची झडप बंदच होऊ नये म्हणून खिळा ठोकला. हे सगळं करताना तो कुणावर चरफडत होता, ते त्यालाच ठाऊक.

चौथ्या दिवशी सकाळी, कुणी न सांगता, तो घागर घेऊन छपरावर चढला. पाणी ओतलं. सगळं शेगडीच्या पोटात उतरलं. बाहेर एक थेंब आला नाही.

शेगडी पुसून कोरडी केली, वाळकी लाकडं रचली आणि काडी ओढली. धूर सरळ वर गेला. खाटा परत आल्या. गंगूआजीनं दोन्ही हात विस्तवाकडं पसरले, आणि कितीतरी वेळ ती ते मागं घेईना.

श्रीपाद तिथंच बुवांशेजारी बसला. तोंड अजून चढलेलंच होतं. शेवटी त्याला राहवेना.

“एक विचारतो. त्या दिवशी मी तुम्हाला वाटेल ते बोललो. सगळ्यांदेखत बोललो. म्हणजे माझा राग चुकीचा होता, असंच ना?”

बुवांनी आजीच्या पायांवरची वाकळ नीट केली...

“राग बराबर हुता, श्रीपाद,” ते म्हणाले. “जोड उलटं हुतं.”