मोठ्या गाठीचा मान

उंदरांना वाचा होती त्या काळी एका प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात पांढऱ्या उंदरांचे कुटुंब राहत असे. त्यांच्या खाद्यात भरपूर चरबी मिसळलेली असे आणि प्रत्येकाच्या अंगावर रोगाची एक गाठ होती. शास्त्रज्ञ रोज सकाळी गाठी मोजत आणि सर्वांत मोठ्या गाठीला "उत्तम!" म्हणत. म्हणून मोठी गाठ हाच मोठा मान, अशी उंदरांची समजूत झाली होती.

शेजारच्या पिंजऱ्यातील उंदरांना कोरडे दाणे मिळत. त्यांच्या गाठी लहान होत्या आणि ते चपळपणे धावत. चरबी खाणाऱ्या कुटुंबातली शुभ्रा हे पाहत होती. ज्या दिवशी तिची मावशी गाठीमुळे मरण पावली, त्या दिवशी तिने आपली वाटी उपडी केली आणि जाळीतून घरंगळून आलेले कोरडे दाणे ती खाऊ लागली.

"अगं, घराण्याची अब्रू घालवशील!" ढेरपोटे काका गरजले. "त्या भुक्कडांसारखी चिमुकली गाठ घेऊन मिरवणार आहेस का?"

"काका, मावशीची गाठ सर्वांत मोठी होती. मावशी कुठे आहे?"

काकांनी पुन्हा आपल्या वाटीत तोंड घातले.

पुढे एका सकाळी शास्त्रज्ञांनी शुभ्रेची गाठ मोजली. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "ही तर वाढतच नाही!"

"ऐकलेत ना, काका?" शुभ्रा ताठ मानेने म्हणाली. "मला कोणी उत्तम म्हटले नाही." आणि ती तुरुतुरु जाळीवर चढून गेली.