खडूच्या अकरा रेघा

"चेन कुणी बसवली होती?"

दस्तगीर मिस्त्रींनी हे विचारलं ते मान वर न करता. दुपारचा चहा बशीत ओतण्यात त्यांचं सगळं लक्ष होतं.

"तनुजा पोवार म्हणून एक मुलगी होती टीममध्ये," यशोधन म्हणाला. "तिने."

"होती?"

"काढली तिला."

मिस्त्रींनी बशी तोंडाला लावली.

यशोधन नलवडे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि कॉलेजच्या गो-कार्ट टीमचा कॅप्टन होता. गो-कार्ट म्हणजे जमिनीला पोट घासत पळणारी, बिनछपराची, चिमुकली शर्यतीची गाडी. तिच्यावर मोटरसायकलचं इंजिन चढवून यशोधनने त्याचा जोर दीडपट केला होता. हे त्याने शेडमध्ये पाऊल टाकल्यापासून तीनदा सांगून झालं होतं.

इंजिन झकास होतं. पण त्याचा जोर मागच्या चाकांपर्यंत धड पोचत नव्हता. तिसऱ्या-चौथ्या फेरीला चेन स्प्रॉकेटवरून, म्हणजे तिच्या दातेरी चाकावरून, उतरायची, नाहीतर तुटायची. रविवारी शर्यत, आज शुक्रवार. सर म्हणाले, उद्यमनगरात दस्तगीरचाचांना दाखव. म्हणून टेम्पोत घालून तो गाडी घेऊन आला होता. शिकायला मुळीच नाही. चूक कुणाची हे त्याने आधीच ठरवलं होतं. चाचांनी फक्त मान डोलवायची होती.

"तीन चेन गेल्या, चाचा," त्याने पिशवीतले तुकडे बाकावर ओतले. "दर वेळी ओळंब्यात नाही. पुढचं स्प्रॉकेट एका रेषेत, मागचं दुसऱ्या. साधी पट्टी धरून सरळ लावायची असते. तेवढंही जमलं नाही तिला."

"ती काय म्हणाली?"

"ती काय म्हणणार! मी दिली तेव्हा सरळ होती, म्हणाली. प्रत्येक वेळी तेच."

"आणि तू?"

"मी म्हणालो, पट्टी धरता येत नसेल तर पोळपाट धर."

"एकटीला म्हणालास?"

"नाही... सगळे होते."

मिस्त्री उठले, डब्यातून एक पांढरा खडू काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"जिथं जिथं दोन वस्तू एकमेकींना धरून हायत, तिथं आडवी रेघ मार. अर्धी हिच्यावर, अर्धी तिच्यावर. मग गाडी पळव. जे सरकंल, तिथली रेघ तुटंल."

यशोधनला हसू आलं. लॅपटॉपमध्ये त्याच्याकडे चाळीस आलेख होते आणि हे त्याला बालवाडीतला खडू देत होते. पण सरांनी पाठवलं होतं. तो गुडघ्यावर बसला.

"हे इंजिनचे चार बोल्ट, गौरवने आवळलेत." चार रेघा. "हे बेअरिंगचे, समीरचे." आणखी चार. "ही ब्रेकची चकती, समीरचीच. हे चेन ताणायचं, आणि हे पुढचं स्प्रॉकेट... ही दोन्ही तिची."

शेवटच्या रेघेवर त्याने खडू जरा जास्तच दाबला.

"अकरा," तो उठत म्हणाला.

मिस्त्री त्याच्या हाताकडे बघत होते.

शेडमागे बंद पडलेल्या फाउंड्रीचं सिमेंटचं आवार होतं. यशोधन हेल्मेट घालून बसला. पहिली फेरी, दुसरी फेरी. इंजिन असं गात होतं की त्याला वाटलं, आज काही होणारच नाही. तिसऱ्या फेरीच्या वळणावर त्याने जोर दिला आणि खाड्कन आवाज झाला.

तो गाडी ढकलत परत आला, पण खुशीत. आता सापडणार! तो थेट पुढच्या स्प्रॉकेटपाशी वाकला.

रेघ अखंड होती.

चेन ताणायच्या बोल्टवरची... अखंड. बेअरिंग, ब्रेक, इंजिन. तो गाडीभोवती दोनदा फिरला. अकराच्या अकरा रेघा मारल्या तशाच होत्या.

"चाचा, एकही तुटली नाही."

"मग काय सरकलंच न्हाई."

"पण चेन उतरली!"

"व्हय."

"असं कसं होईल?"

"सगळीकडं मारलीस?"

"सगळीकडं!"

मिस्त्रींनी चहाची बशी विसळली. त्यांना कसलीच घाई नव्हती.

यशोधन पुन्हा गुडघ्यावर बसला. या वेळी त्याची नजर मागची चाकं जोडणाऱ्या दांड्यावर गेली. मागचं स्प्रॉकेट ज्याच्यावर बसतं तो हब, दांड्याला घट्ट धरून ठेवणारा लोखंडाचा गोल ठोकळा. आरशासारखा चकचकीत. त्याच्यावर पंचने ठोकलेली दोन अक्षरं होती : य. न.

त्याच्यावर रेघ नव्हती.

आणि हबच्या शेजारी, दांड्यावर, घासून उजळलेला एक ताजा पट्टा होता. बोटभर रुंदीचा. हब मघाशी तिथे होता. आता नव्हता.

तो हब यशोधनने स्वतः लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, केला होता. सहा तास राबून. दांड्यावर चढवताना हातोडी लागली नव्हती, नुसता ढकलला तर आत गेला, आणि तो सगळ्यांना म्हणाला होता, "बघा, कसा लोण्यासारखा बसला!" पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. एकटी तनुजा म्हणाली होती, "हातोडीशिवाय गेला? सैल नाही ना रे?"

तेव्हा तो किती हसला होता, ते त्याला आता आठवलं. शब्दनशब्द आठवलं.

तिने प्रत्येक वेळी चेन सरळच लावली होती. प्रत्येक वेळी त्याचा हब वाकड्या वाटेने गेला होता. आणि परवा ती टीमचा टी-शर्ट परत द्यायला आली, तो धुऊन, इस्त्री करून, घडी घालून आणला होता. त्याने तो न बघताच कपाटात फेकला होता.

चाचांकडे बघायची हिंमत होईना. लाज कशाची जास्त वाटतेय, चुकीची की त्या पोळपाटाची, हेही कळेना. दोन्हींची वाटत होती.

"तुम्ही बघत होता," तो शेवटी म्हणाला. "मी रेघा मारताना. तेव्हाच सांगायचं होतंत."

"मी खडू बघत हुतो," मिस्त्री म्हणाले. "कुठं कुठं थांबतोय ते."

पलीकडच्या शेडमध्ये कुणी तरी लोखंड कापत होतं.

"लेथ द्याल, चाचा? नवा हब करतो. आजच."

"घे की. तुझीच हाय."

यशोधन उठला, पण लेथकडे गेला नाही.

"तनुजाला... तिला काय सांगू?"

"सांगण्यात तू हुशारच हायस."

ते त्याला बरोबर लागलं. तो तसाच उभा राहिला, मान खाली घालून. शर्टाला, पँटला, सगळीकडे पांढरी भुकटी लागली होती. उरलेला खडू अजून मुठीतच होता. तो ठेवायला त्याने डब्याचं झाकण उघडलं.

मिस्त्रींनी झाकणावर हात ठेवला.

"त्यात नगं. तिच्या हातात दे."