पांढऱ्या शर्टाची ग्वाही

कऱ्हाडच्या इंगवल्यांच्या ऑफिसात इमारतींच्या मोठ्या नकाशांसाठी रंगीत प्रिंटर घ्यायचा होता. कंपनीचे रणदिवेसाहेब पांढऱ्याशुभ्र शर्टात प्रिंटर घेऊन आले आणि कुणाला बोलूच देईनात. “कागद बाहेर येताक्षणी शाई वाळलेली असते. रंग पसरला तर नाव बदलीन.”

इंगवले भारावून सहीला पेन शोधू लागले. त्यांच्या भागीदार मृणालिनीबाईंना मात्र जुना प्रिंटर आठवला. त्याच्या डागांपायी नगरपालिकेनं किती नकाशे परत पाठवले होते!

नुकताच छापून निघालेला नकाशा उचलून त्या शांतपणे म्हणाल्या, “साहेब, जरा बाही पुढे करा. पुसून बघू.”

रणदिवे चटकन मागे सरकले.

“राहू द्या,” बाई म्हणाल्या. “प्रिंटरचे रंग बघायचे होते, तुमचेच दिसले.”