डोळा हलला तर

“आणि हलला तर?” केळुसकर बाईंनी विचारलं.

“हलणार नाही,” गलगले गुरुजी म्हणाले. “मिसरूड फुटायच्या आधीपासून ज्योतीवर नजर लावतोय मी.”

आमच्या बाईंचं उभं आयुष्य माणसाचा डोळा कसा फिरतो, कुठे थांबतो, हे मोजण्यात गेलं. मिरजेच्या त्यांच्या प्रयोगशाळेत मी यंत्र चालवायचो. गुरुजी त्राटक शिकवत. समोर ज्योत ठेवायची, पापणी लववायची नाही, बुबुळ जागचं हलू द्यायचं नाही. आपली नजर दगडासारखी स्थिर आहे, हे यंत्रानेच एकदा दाखवावं म्हणून ते आले होते.

“पण समजा, हलला?” बाई काही सोडेनात.

“तर शिकवणं बंद. ज्याची नजर हलते त्याने माझ्या वर्गात बसायचं नाही. परवाच अक्काताई मगदूमांना उठवलं.”

“काय म्हणाल्या त्या?”

“म्हणाल्या, डोळा हलतोय खरा, पण ज्योत मला चांगली दिसतीय की.” गुरुजी हसले. “मी म्हटलं, दिसायला काय, मांजरालाही दिसते.”

मला त्या माणसाचा भयंकर राग आला. म्हटलं, बस आता यंत्रापुढे, मग बघू.

गुरुजींनी हनुवटी टेकवली आणि पडद्यावरच्या ठिपक्याकडे बघायला लागले.

खरं सांगतो, माझा राग तिथेच उतरला. इतकी बांधलेली नजर मी त्या यंत्रावर कधी पाहिली नव्हती. आपली नजर माशीसारखी, घटकाभर कुठे बसेल तर शपथ. हा माणूस मात्र सगळाच्या सगळा त्या ठिपक्यावर जाऊन बसला होता.

तरी यंत्राने कागदावर काढलेली नजरेची रेघ सरळ आली नाही. बारीक थरथर, मध्येच एखादा छोटासा झटका. सगळ्यांची येते तशीच, फक्त फार बारीक.

मी कागद पुढे केला. गुरुजींनी रेघेवरून बोट फिरवलं.

“यंत्रात काही खोट?”

“नाही,” मी म्हणालो. वाटलं होतं, हे सांगताना मजा येईल. आली नाही.

“म्हणजे मीही...”

त्यांनी वाद घातला नाही की सबब सांगितली नाही. उठले, उपरणं खांद्यावर घेतलं.

“आजपासून वर्ग बंद. अक्काताईंना लावला तो नियम मलाही.”

मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

“बसा,” बाई म्हणाल्या.

बाईंनी कोरा कागद घेतला. मधोमध पेनाने ठिपका काढला. एका कडेला पेन्सिल आडवी घासून फिका डाग केला आणि बोटाने आणखी पुसट केला.

“ठिपक्याकडे बघा. तुम्हाला जमतं तसं, घट्ट. डागाकडे वळायचं नाही. तो आहे की नाही, तेवढंच सांगा.”

“आहे.”

“अजून?”

“आहे. फिका होतोय.”

“बघत राहा.”

“गेला.” गुरुजींचा आवाज एकदम खाली आला. “तिथे काहीच नाही.”

मला तर डाग चांगला दिसत होता. इतक्या लवकर तो कुणाचाच गेलेला मी पाहिला नव्हता.

“आता डोळा हलवा. जरासाच.”

“आला.”

कुणी न सांगता त्यांनी पुन्हा करून पाहिलं. गेला. आला.

“म्हणजे माझा डोळा खरंच दगड झाला असता, तर ज्योतही अशीच गेली असती?”

यंत्रातून निघालेला तो थरथरत्या रेघेचा कागद बाईंनी उचलला आणि दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसा, गुरुजींच्या ओंजळीत ठेवला.

गुरुजींचे डोळे भरून आले होते. आता ते हलत होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही.

“बाई... मग वर्गाचं काय करू?”

“उघडा,” बाई म्हणाल्या. “आणि अक्काताईंना पुढे बसवा. ज्योत दिसतीय म्हणत होत्या ना त्या?”