शून्य आल्यावर

"मग तो नवस फिटला का तुझा?" नरहरबुवांनी विचारलं.

कुमुदनं मान हलवली. नाही म्हणून.

टेकडीवरच्या दत्ताच्या मठात दुपार कलली होती. चढून आल्यानं तिच्या पायांत गोळे आले होते. पण थकवा काही आजच्या चढाचा नव्हता. लेकानं, हेरंबानं, वायरमनचं काम धरलं त्या दिवशी ती याच उंबऱ्याशी बोलून गेली होती, की महाराज, माझ्या पोराच्या हाती खोटं न बोलणारं मीटर येऊ दे; तोवर दर गुरुवारी अळणी खाईन.

नवस तसा जगावेगळाच. बायका मुलाच्या नोकरीसाठी बोलतात, सुनेसाठी बोलतात. पण तिच्या नवऱ्यानं, दिगंबरनं, एकदा तारेत वीज आहे का ते मीटर लावून तपासलं होतं. मीटरनं शून्य दाखवलं, म्हणून त्यानं तार धरली; ती जिवंत निघाली. जीव वाचला. उजवा हात मात्र तेव्हापासून मिटत नाही. ताटातली भाकरी तिलाच मोडून द्यावी लागते.

"अळणी खायचा कंटाळा आला असं नाही हो बुवा," ती म्हणाली. "पण तिकडून काही हूं की चूं नाही. हात जोडते, डोळे मिटते… शून्य. ऐकतंय का कोणी, तेच कळेनासं झालंय."

बुवांनी दारातून बाहेर ओट्याकडे पाहिलं.

मठात येण्याआधी ते आयटीआयमध्ये वायरमनच्या मुलांना शिकवायचे. दिगंबर त्यांचाच विद्यार्थी.

बाहेर ओट्यावर हेरंब दोन मीटर मांडून बसला होता. तालुक्याच्या दुकानदारानं ओळखीवर दोन्ही दिली होती. पसंत पडेल ते ठेवा, दुसरं आणून द्या, म्हणून.

"आई, इकडं बघ."

त्यानं टॉर्चमधला सेल काढला आणि मोठ्या मीटरची दोन टोकं त्याला टेकवली. पडद्यावर आकडे उजळले.

"दीड व्होल्ट. नेमकं सांगतं. रेंज आपली आपण धरतं, तापमान सांगतं, मोबाईललासुद्धा जोडता येतं."

"आणि हे दुसरं?"

"ते साधं. कामापुरतं. जाड वायरी आणि आत मोठा फ्यूज, बस." तो हसला. "बुवांच्या काळातलं."

"बुवांच्या काळात मीटर ऑफिसच्या कपाटात असायचं," मागून बुवांचा आवाज आला, "आणि कपाटाची किल्ली साहेबाच्या घरी."

हेरंब चटकन उठून उभा राहिला.

"मग तुम्हीच सांगा, बुवा. कोणतं ठेवू?"

"तुला कोणतं हवंय?"

"मोठं. ह्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असं आहे."

"काम कसलं करतोस जास्त?"

"घरांची वायरिंग. मोटारी. कधी इन्व्हर्टर."

बुवा खाली बसले. दोन्ही मीटरच्या वायरी त्यांनी बोटांत वाकवून बघितल्या. टोकांशी जिथं हात धरायचा, तिथली कड अंगठ्यानं चाचपली. पाठ उघडायला लावून आतला फ्यूज बघितला. पडद्याकडे मात्र त्यांनी पाहिलंच नाही.

"काय झालं, बुवा? बोला की."

"गाभाऱ्यातला दिवा लावायला आलायस ना? आधी ते कर. मोठंच घे बरोबर."

गाभाऱ्याच्या दाराशी जुना दिवा काढून टाकलेला होता. भिंतीतून दोन तारा बाहेर आल्या होत्या, तांब्याची टोकं उघडी. पलीकडे सभामंडपात पंखा कुरकुरत फिरत होता.

हेरंबानं दोन टोकं दोन तारांना लावली.

"शून्य," तो म्हणाला. "मेलेली आहे लाईन."

मीटर गळ्यात अडकवून त्यानं तारेकडे हात नेला.

कुमुद एक पाऊल पुढं आली. शून्य… हाच शब्द तिनं दवाखान्यात ऐकला होता, नवऱ्याच्या तोंडून, पुन्हा पुन्हा.

बुवांनी हेरंबाचं मनगट धरलं होतं.

"कशावरून?"

"मीटर दाखवतंय की."

"चल इकडं."

मनगट न सोडता बुवा त्याला मंडपातल्या बोर्डापाशी घेऊन गेले. त्याच बोर्डावर पंखा चालू होता. शेजारच्या प्लगचं बटण त्यांनी दाबलं.

"ह्यात लाव."

हेरंबानं टोकं आत घातली.

शून्य.

डोक्यावर पंखा फिरत होता. हेरंब एकदा पंख्याकडे बघे, एकदा मीटरकडे. मग त्याची नजर मधल्या चकतीवर गेली… आणि त्याचे कान लाल झाले.

"डीसीवर राहिलंय," तो पुटपुटला. "मघाशी सेल मोजला ना आईला दाखवायला. घरातली वीज एसी, ती डीसीवर शून्यच दिसते. चकती फिरवायची राहिली."

"हं."

त्यानं चकती फिरवली. दोनशे तीसच्या आसपासचे आकडे आले. तो पुन्हा गाभाऱ्याशी गेला आणि टोकं तारांना लावली.

शून्य.

हेरंबानं पुन्हा लावून बघितलं. शून्यच.

बुवांनी कनवटीला हात घातला आणि एक पांढरा फ्यूज काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

"ह्या लाईनचा. सकाळीच काढून ठेवलाय मी."

हेरंबाच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

"म्हणजे लाईन मेलेलीच होती. म्हणजे… मी बरोबरच होतो की, बुवा."

बुवांनी त्याची मूठ त्या फ्यूजवर मिटवली.

"दिगंबरही त्या सकाळपर्यंत बरोबरच होता."

पंखा तेवढा कुरकुरत होता.

हेरंब ओट्यावर जाऊन बसला. मोठं मीटर त्यानं गळ्यातून काढून मांडीवर घेतलं, उलटंपालटं केलं, खाली ठेवलं. आता त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

"कोणतं ठेवू, बुवा?"

"वायरी दोन्हींच्या चांगल्या आहेत. फ्यूज त्या साध्यातला जास्त चांगला."

"पण ठेवू कोणतं?"

"ज्याच्यावर तुझा विश्वास जरा कमी बसेल, ते."

हेरंबानं कपाळाला आठ्या घातल्या. मग हळूहळू त्या सुटल्या. मोठं मीटर त्यानं खोक्यात घालून बंद केलं.

कुमुद खांबाला टेकून बसली होती. इतक्या गुरुवारांचा शीण एकदम अंगावर आल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

"आणि माझा नवस, बुवा? मी तर खोटं न बोलणारं मीटर मागितलं होतं."

"तसं मीटर नसतं."

"नसतंच?"

"नसतं, कुमुद."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नसलेलीच गोष्ट मागत बसले मी, असं काहीसं ती म्हणणार होती. पण तेवढ्यात हेरंब उठला.

साधं मीटर घेऊन तो मंडपात गेला. चकती बघितली. टोकं पंख्याशेजारच्या प्लगमध्ये घातली, आकडे आले. मग गाभाऱ्याशी आला, तारांना लावली, शून्य आलं. आता तो तार धरणार असं तिला वाटलं. पण तो वळला, परत प्लगपाशी गेला आणि टोकं पुन्हा आत घातली. आकडे पुन्हा आले.

हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मग तो येऊन तारेपुढं बसला, मनातल्या मनात काहीतरी म्हणाला आणि त्यानं तार हातात घेतली.

कुमुद बघत राहिली. लेकाचा हात तारेभोवती मिटला… उघडला… पुन्हा मिटला.

थोड्या वेळानं फ्यूज परत बसला आणि गाभाऱ्यात दिवा लागला.

बुवांनी मूठभर चणे-फुटाणे तिच्या ओंजळीत घातले. खारे होते. ती घुटमळली.

"आज गुरुवार आहे, बुवा."

"मग घरी ने. दिगंबरला दे. त्याच्याजवळ जरा बस."

"आणि नवस?"

बुवा उठता उठता तिच्या डोक्यावर हात ठेवून क्षणभर थांबले.

"पोरानं आत्ता केलं ना, तसंच तूही करत जा, कुमुद. हात जोडल्यावर शून्य आलं, की आधी जिवंत ठिकाणी लावून बघ."