तानूबाईचा उखाणा

तानूबाईला हल्ली विसर पडायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, "हे वाढत जाणार, काय करायचं ते आत्ताच करून घ्या." म्हणून नवऱ्यामागं तिला मिळालेलं घर विधवा सुनेच्या, रंजनाच्या, नावावर करायला ती मृत्युपत्र नि सुनेला घेऊन रजिस्ट्रार कचेरीत गेली. तर तिथं दीर भगवानराव आधीच हजर! पतसंस्थेचे चेअरमन, पोट पुढं. घरावर त्यांचा डोळा.

"साहेब, वहिनीला भ्रम झालाय. आज वार कुठला, विचारा."

वार काही तानूबाईला आठवेना.

"बरं, नवऱ्याचं नाव?" साहेबांनी विचारलं.

तानूबाईनं पदर तोंडाला लावला.

"बघा! नवरासुद्धा विसरली!" भगवानराव खूश. रंजनाचा चेहरा उतरला.

"अहो भावजी, ह्यांचं नाव असं सरळ कधी घेतलंय का मी?" तानूबाई घसा खाकरून उभी राहिली.

"वार विसरते, तारीख विसरते, विसरते चहात साखर,
सोपानरावांचं घर तिला, जी घालते मला भाकर!"

अख्खी कचेरी हसली. साहेबांनी कागद पुढं ओढला.

"अन् माझं नाव?" भगवानराव चिडले.

"ते कागदात घालायचं विसरले, भावजी. पण मुद्दाम."